नाव घेत नाही, प्रभू

दुकानात चावीमावशीच्या तोंडून शब्द काढायचा तर पकड लावावी लागे, आणि चर्चमध्ये तिला गप्प करायचं तर साक्षात परमेश्वरालाच खाली यावं लागलं असतं. बाई एकच, जीभ एकच, पण दोन ठिकाणी दोन तऱ्हा. हे उलटं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

दुकान कसलं, जिन्याखालची सांद. चर्चच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. आत मावशी आणि एक गिऱ्हाईक बसलं की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. भिंतीवरच्या खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे घोस, समोर चावी कापायचं मशीन, खाली पितळेचा भुगा. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी मशीन विकून टाकायचा सल्ला दिला. "बाईमाणूस आता लोकांची कुलपं फोडणार का?" असं धाकट्या दिरानं विचारलं. ही म्हणाली, "फोडणार नाही, उघडणार. फोडायला तुम्ही आहात." दीर त्यानंतर बरेच दिवस फिरकला नाही.

धंद्याचा नियम नवऱ्यानं शिकवला होता. कुणाचं दार उघडलं, का उघडलं, आत काय दिसलं, हे दाराबाहेर आल्यावर विसरायचं. एका वकिलाला त्याच्या बायकोनं भरदुपारी बनियनवर घराबाहेर काढलं, ते दार मावशीनंच उघडून दिलं. गल्लीभर त्याच गप्पा. कुणी मावशीला खोदून विचारलं की ती कानस चालवता चालवता म्हणायची, "कोण वकील?" विचारणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

आता रविवारची गोष्ट. उपासनेत उपदेशाच्या आधी मोकळी प्रार्थना असायची. ज्याला वाटेल त्यानं जागेवर उभं राहून प्रार्थना करावी, बाकीच्यांनी डोळे मिटून आमेन म्हणावं. मावशी उभी राहिली की जाणती माणसं बाकाला नीट टेकून बसायची, आया पोरांना आधीच पाणी पाजून घ्यायच्या, आणि पाळकसाहेब आपल्या उपदेशातली दोन पानं मनातल्या मनात गाळून टाकायचे. जगातल्या लढायांपासून सुरुवात करून ती गल्लीतल्या गुडघेदुखीपर्यंत यायची. मनापासून करायची, यात वाद नाही. रडायचीसुद्धा. आणि तिची एक खास रीत होती. कुणाची नाजूक गोष्ट आली की ती आवाज खाली आणून म्हणायची, "नाव घेत नाही, प्रभू, तुला ठाऊकच आहे." मग त्या माणसाचं असं बारकाईनं वर्णन करायची, की प्रभूला जे ठाऊक होतं ते सगळ्या मंडळीला ठाऊक व्हायचं.

यात काही चुकतंय हे तिच्या गावीही नव्हतं. खरं सांगायचं तर कुणाच्याच नव्हतं. सगळे तसंच करायचे, मावशी फक्त त्यात वाकबगार होती.

एके वर्षी चर्चच्या पंचांच्या बैठकीत पाळकसाहेबांनी विषय काढला. दृढीकरण झालं, मंडळीचे पुरे सभासद म्हणून पोरांचा हात हातात घेतला, की पुढच्या रविवारपासून पोरं गायब. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, मधली पिढी थेट स्वतःच्या लग्नालाच उगवते. काय करावं? मग सूचनांचा नुसता पाऊस. एक म्हणाला गिटार आणा. दुसरा म्हणाला पडदा लावा, शब्द पडद्यावर दाखवा. तिसऱ्यानं एकसारख्या शर्टांचं काढलं, रंगावरून दोघांची जुंपली.

मावशी बायकांच्या वतीनं पंचांत होती. बराच वेळ ऐकून घेतल्यावर म्हणाली, "न येणाऱ्यांपैकी एकाला तरी कुणी जाऊन विचारलं का, की बाबा रे, का येत नाहीस?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणी विचारलं नव्हतं.

"मग मावशी, तुम्हीच बघा ना," पाळकसाहेब म्हणाले. ते अगदी सुटल्यासारखे हसले. तरुणांची सेवा अशी एका वाक्यात चावीमावशीच्या गळ्यात पडली, गिटारीशिवाय आणि शर्टांशिवाय.

तिनं नाही म्हटलं नाही, त्याला कारण होतं. तिचा स्वतःचा एकुलता एक मुलगा असाच उठून गेला होता. आधी तो तिच्या शेजारी बसायचा, मग मागच्या बाकावर, मग दारात, मग नाहीच. आता दुसऱ्या शहरात होता, दर रविवारी दुपारी फोन करायचा, तब्येत विचारायचा. चर्चचं नाव निघालं की म्हणायचा, "बरं, ठेवू का?" एवढ्या मोठ्या मंडळीत एकानंही तो कुठं गेला म्हणून विचारलं नाही, हा सल मावशीच्या मनात कायमचा रुतला होता. निदान दुसऱ्याच्या पोराचं असं होऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं.

चर्चच्या मागं एक खोली होती. तिची किल्ली कुणाच्या काळात हरवली हेही कुणाला सांगता येत नव्हतं. मावशीनं गंजलेल्या कुलपात तेल सोडलं, तार घातली, कान लावला, आणि घरच्यासारखं दार उघडलं. आत मोडक्या खुर्च्या, फुटका फळा, फाटके पडदे आणि उंदरांचा संसार. आठवडाभर झाडलोट करून तिनं शनिवारी संध्याकाळी चहाचं भलंमोठं भांडं चढवलं आणि दाराकडं डोळे लावून बसली. कुणीही आलं नाही. सगळा चहा पाळकसाहेब आणि फाटकावरचा राखणदार यांनी संपवला.

पुढच्या शनिवारी दोघं आली. त्यातला एक फोन चार्ज करायला आला होता. मावशीनं त्यांना 'तारुण्यातील मोह' यावर घरून तयार करून आणलेलं व्याख्यान दिलं. फोन चार्ज झाला तसा तो गेला. उरलेली मुलगी नर्स होती. रात्रपाळीला जाताना वाटेत टेकली होती. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, मोह करायला वेळ कुठं आहे? झोपायला मिळालं तरी पुष्कळ झालं."

मावशी हसली, आणि तिथंच तिला उमगलं. व्याख्यानाचे कागद तिनं चुलीखाली लावायला नेले. त्यापुढं शनिवारी एवढंच व्हायचं: शास्त्रातला एक उतारा कुणीतरी वाचायचा, चहा, आणि मग ज्याला जे बोलायचं ते. मावशी फक्त विचारायची, "आणि?" पोरं बोलायला लागायची. पहिल्याच अशा बैठकीत तिनं सांगून टाकलं, "हे बघा, माझ्या धंद्याचा नियम आहे. कुणाचं कुलूप उघडलं ते मी बाहेर बोलत नाही. या खोलीतही तेच. इथलं इथंच."

ते पोरांना भिडलं. चावीमावशीच्या तोंडाची दुकानातली ख्याती सगळ्यांना माहीत होती. नर्सनं मैत्रिणीला आणलं, मैत्रिणीनं भावाला. घरपोच सामान पोचवणारा एक जण हेल्मेटसकट यायचा. एक दाढीवाला होता, त्याला देवाबद्दल इतके प्रश्न पडायचे की सगळे त्याला 'सरकारी वकील' म्हणायचे. मावशीकडं उत्तरं नसायची. ती म्हणायची, "मला नाही बाबा माहीत, पण तू पुढच्या वेळी ये." आणि तो यायचा. वर्ष सरेस्तोवर खोलीत खुर्च्या कमी पडायला लागल्या. पंच येऊन डोकावून गेले. "काय जादू केली हो?" असं एकानं विचारलं. मावशी म्हणाली, "गप्प बसले."

आता गायनमास्तरांच्या मुलाची गोष्ट. गायनमास्तर म्हणजे चर्चचा ऑर्गन वाजवणारे, गायकवृंद बसवणारे, ताठ कण्याचे गृहस्थ. मुलाला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी भर उपासनेत उभं राहून उपकारस्तुती केली होती. कंपनीचं नाव तर इतक्यांदा घेतलं की लहान पोरांनाही पाठ झालं. मुलगा रोज टाय बांधून जायचा. सगळ्या मंडळीत टाय बांधणारा तो एकटा, म्हणून पोरं त्याला 'टाय' म्हणायची. शनिवारी यायचा, कोपऱ्यात बसायचा, खूप हसायचा आणि काही बोलायचा नाही.

एका सकाळी भर कामाच्या वेळी मावशीला तो रस्त्यापलीकडच्या बसथांब्याच्या बाकावर दिसला. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. टाय बसलेलाच. तिनं हात करून बोलावलं. तो आला, स्टुलावर बसला, आणि मशीनकडं बघत म्हणाला, "मावशी, ऑफिस नाही राहिलं. आमचा अख्खा विभागच बंद केला. केव्हाच."

"आणि?"

"आणि काय? आई डबा देते, मी निघतो. संध्याकाळी परत जातो. बाबांना कसं सांगू? त्यांनी सगळ्या मंडळीसमोर देवाचे उपकार मानलेत. आता त्यांनी कुठल्या तोंडानं ऑर्गनवर बसायचं?" मग तो एकदम घाबरून म्हणाला, "कुणाला सांगू नका हां."

"माझ्या तोंडाला कुलूप," मावशी म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतर तो दुपारचा डबा तिच्या स्टुलावर बसून खाऊ लागला. फोनवरून अर्ज पाठवायचा, नकार आले की वाचून दाखवायचा, दोघं मिळून त्या कंपन्यांना नावं ठेवायची. मावशीचा जीव तुटायचा. रात्रंदिवस तिच्या मनात तोच. आणि मनात जे असतं ते तिच्या प्रार्थनेत येतं, त्याला ती तरी काय करणार?

रविवार आला. मोकळी प्रार्थना सुरू झाली, मावशी उभी राहिली. लढाया झाल्या, गुडघे झाले. मग आवाज खाली आला.

"नाव घेत नाही, प्रभू, तू हृदयं जाणतोस. आमच्यातला एक मुलगा रोज सकाळी टाय बांधून, आईनं दिलेला डबा घेऊन घराबाहेर पडतो, आणि जायला त्याला ऑफिसच उरलेलं नाही. बिचारा बाकावर बसून दिवस काढतो, प्रभू. त्याचा भार हलका कर. वडिलांना खरं सांगायचं धैर्य त्याला दे. ज्या वडिलांनी याच जागी उभं राहून त्या नोकरीबद्दल तुझे उपकार मानले, त्यांनाही ते ऐकायचं बळ दे. येशूच्या नावानं मागते, आमेन."

आमेनच्या मागोमाग ऑर्गन वाजायचा असतो. तो वाजला नाही. मावशीला वाटलं, मास्तरही गहिवरले. ती डोळे पुसत खाली बसली. असं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! मोठं ओझं प्रभूच्या पायाशी ठेवून आल्यासारखं.

शेजारी चष्मेवाल्या काकू बसायच्या. त्या कानाशी लागल्या. "अगंबाई, गायनमास्तरांच्या मुलाची नोकरी गेली होय? कधी गं?"

मावशीनं रुमाल खाली ठेवला. तिनं मान वर केली. सगळ्या माना वळलेल्या होत्या, अर्ध्या ऑर्गनकडं, अर्ध्या मागच्या बाकाकडं. मागच्या बाकावर जागा रिकामी होती आणि दार नुसतं हलत होतं.

तो दुसऱ्या दिवशी दुकानासमोर आला, टाय न बांधता. आत आला नाही. म्हणाला, "मावशी, नाव घेतलं नाहीत, तेवढं बरं केलंत." आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

शनिवारी तिनं चहाचं भांडं चढवलं. चहा उकळून उकळून काळा पडला, कुणी आलं नाही. शेवटी नर्स दारात आली, आत पाऊल न टाकता बोलली. "मावशी, मी सांगायला आलेय, कारण कुणीतरी सांगायला पाहिजे. आम्ही सगळे आठवत बसलोय, तुम्हाला आजपर्यंत काय काय सांगितलं ते. उद्याच्या रविवारी कुणाचा नंबर?"

"अगं, मी प्रार्थनाच केली ना!" मावशी कळवळून म्हणाली. "वाईट हेतू होता का माझा?"

"नव्हता," नर्स म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या स्वतःच्या मुलाचा फोन आला. तब्येतीचं झालं, जेवणाचं झालं. तो आता फोन ठेवणार इतक्यात मावशीच्या तोंडून निघून गेलं, "तू चर्चला यायचं का सोडलंस रे?"

तो म्हणाला, "आता विचारतेस?"

"आता विचारते."

"मी परीक्षेत नापास झालो होतो. तुला एकटीला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, रडत. रविवारी तू उभी राहिलीस आणि प्रार्थना केलीस."

"नाव नसेल घेतलं मी."

"नव्हतं घेतलंस. 'माझ्या पोटचा एक मुलगा' म्हणालीस." तो हसला, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "तुला एकच मुलगा आहे, आई."

इतकी वर्षं मावशी मंडळीला दोष देत होती, कुणी विचारलं नाही म्हणून. आणि त्याला बाहेर काढलं होतं तिनंच, डोळे मिटून, हात जोडून. ती म्हणाली, "चुकलं रे माझं." पुढं एक लांबलचक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं आणि म्हणाली, "आणि?"

आणि मुलगा बोलत राहिला. त्या दिवशी त्यानं 'ठेवू का' असं विचारलंच नाही.

पाळकसाहेब दुकानात आले. पंचांचं ठरलं होतं. झालं ते मंडळीसमोर झालं, तेव्हा माफीही मंडळीसमोर मागावी. मास्तरांचीही तीच मागणी होती. मावशीला ते लगेच पटलं. खोटं कशाला बोला, तिला थोडी उभारीसुद्धा आली. चर्चमध्ये उभं राहून रडायचं, हे तिला जमणारं काम होतं. काय काय बोलायचं ते ती मनात जुळवायलाही लागली. पण आधी टायला सांगावं म्हणून ती रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेली. घरात बसवेना म्हणून तो अजूनही तिथंच असायचा.

"रविवारी मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे," ती म्हणाली.

तो दचकून उभाच राहिला. "परत? मावशी, तुम्ही परत उभं राहणार? परत सगळे वळून वळून माझ्याकडं बघणार? जे त्या दिवशी आले नव्हते, त्यांनाही आता कळू दे म्हणता?"

मावशीच्या ध्यानात आलं. माफीतसुद्धा तिनं आपल्यासाठी व्यासपीठ शोधलं होतं. तिची तिलाच लाज वाटली.

"मग मी काय करू रे?"

"गप्प बसा," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी थकून.

"बरं," ती म्हणाली. "आणि चुकले मी. तुझ्याशी. बाकी काही म्हणत नाही." ती वळली आणि दुकानात परत गेली.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. मोकळ्या प्रार्थनेची वेळ झाली. पाळकसाहेबांनी मावशीकडं बघितलं. पंचांनी बघितलं. ऑर्गनवरून मास्तरांनी बघितलं. मावशी मांडीवर हात घेऊन बसून राहिली. काकूंनी कोपरानं ढोसलं, "ऊठ ना गं!" ती हलली नाही. पाळकसाहेब दोनदा खाकरले आणि शेवटी त्यांनीच प्रार्थना आटोपली.

बाहेर पडताना लोकांनी तिला ऐकू जाईल असं बोलून घेतलं. केवढा हा ताठा! एवढं पोराचं वाटोळं केलं आणि माफीचा शब्द नाही. पंचांतून तिचं नाव काढायचं ठरलं. तिला कारण सांगता आलं असतं, एका वाक्यात. पण त्या वाक्यात मास्तरांचा मुलगा आला असता. म्हणून तिनं ते गिळलं. इतकं कडू तिनं आयुष्यात काही गिळलं नव्हतं.

एके दुपारी ती मास्तरांच्या घरी गेली. मुलाच्या आईनं दार उघडलं. मास्तर स्वरलिपीचे कागद लावत बसले होते.

"या. अजून काही जाहीर करायचं राहिलंय का?"

"तुमची माफी मागायला आले, मास्तर. इथं, घरात. तिकडं नाही मागणार."

मास्तर पुष्कळ बोलले, तिनं ऐकून घेतलं. बोलता बोलता त्यांनी हातातले कागद बाजूला सारले. "नोकरी गेली तर गेली हो, माणसांच्या जातात. पण त्यानं ते तुम्हाला सांगितलं. चावीवालीला. बापाला नाही. का? माझ्याशी का नाही बोलला तो?"

मावशीला का ते माहीत होतं. 'आता बाबांनी कुठल्या तोंडानं ऑर्गनवर बसायचं,' हे पोराचं वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर होतं. ते बोलली असती तर बाप तिथल्या तिथं विरघळला असता, आणि तिचंही थोडं माफ झालं असतं. तिनं समोरचं पाणी उचललं आणि सावकाश सगळं प्यायली.

"मास्तर, ते त्यानं मला विश्वासानं सांगितलंय. मी नाही सांगायची. त्याला विचारा."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"आणि सांगणार नाही?"

"नाही."

"वा! आता तोंडाला कुलूप!" मास्तर कडाडले. "रविवारी कुठं गेलं होतं हे कुलूप?"

मावशी नमस्कार करून निघाली. पायऱ्या उतरताना तिला मागून मास्तरांची हाक ऐकू आली, "अरे, जरा इकडं ये बघू." तेव्हा तिला कळलं की मुलगा आतल्या खोलीत होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

मावशीनं शनिवार सोडला नाही. भांडं चढवायची, बसायची, चहा राखणदाराला द्यायची. एकदा तिनं खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत कापली आणि नर्सच्या हातात ठेवली. "खोली तुमची आहे. मी नको असेन तर मी येणार नाही. पण तुम्ही या." नर्सनं किल्ली उलटीसुलटी करून बघितली, घेतली आणि गेली. पुढच्या शनिवारी मावशी गेलीच नाही. दुकानाच्या मशीनला तेल दिलं, घरातली सगळी कुलपं विनाकारण तपासली. त्याच्या पुढच्या शनिवारी दाढीवाला सरकारी वकील घरी आला. "मावशी, चला. तिकडं चहा कुणालाच करता येत नाही." ती गेली. खोलीत सगळी नव्हती, पण बरीच होती. तिनं मुकाट्यानं भांडं घासायला घेतलं. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती, ती पुढं कितीतरी शनिवार रिकामीच राहिली.

टायला एका छापखान्यात काम मिळालं. तिथं टाय बांधायला सक्त मनाई, मशीनमध्ये अडकतो म्हणून. हे मावशीला त्याच्याकडून नाही, इतरांकडून कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. प्रभूलासुद्धा मनातल्या मनातच सांगितलं.

आणि मग एका रविवारी मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी उभं राहिल्याचा आवाज आला. मावशीनं डोळे मिटलेले होते. आवाज ऐकला आणि तिनं बाकाची कड घट्ट धरली.

"प्रभू, नाव घेत नाही," गायनमास्तरांचा मुलगा म्हणाला, "तुला ठाऊकच आहे. आमच्यात एक बाई आहेत. त्यांचं जिन्याखाली दुकान आहे, त्या चाव्या करतात."

मंडळीत कुठंतरी खुदकन हसू फुटलं. पोरांच्या बाकावरून असणार.

"त्यांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी माफी मागितली नाही असं सगळ्यांना वाटतं. प्रभू, त्यांनी मागितली. जिथं मागायची होती तिथं मागितली. आणि इथं गप्प बसल्या, कारण मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. तुला माहीत आहे त्यांना ते किती अवघड गेलं असेल. माझ्यासाठी त्यांनी सगळ्यांची बोलणी खाल्ली. मी रागावलो होतो, प्रभू, पुष्कळ दिवस. आता नाही. त्यांचं भलं कर. आणि शनिवारचा चहा जरा कमी गोड करायची त्यांना बुद्धी दे. आमेन."

आमेनच्या मागोमाग ऑर्गन वाजला, नेहमीपेक्षा जरा जोरातच. पंच छताकडं बघत होते. पोरं उघड उघड हसत होती, नर्स एकीकडं डोळे पुसत हसत होती.

चष्मेवाल्या काकूंनी मावशीच्या मांडीवर हात ठेवला. "अगं, तुझ्याचबद्दल बोलला ना तो?"

मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "नाव कुठं घेतलं त्यानं?"